घरादाराची निरवानिरव

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर हा विषय निघाला की आई म्हणते, "अभद्र बोलू नकोस," आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहूनच पाठवतेय. मृत्युपत्र करा. दोघांनी, वेगवेगळं, नाताळच्या आत.

आई, अभद्र म्हणशील तर यशया संदेष्ट्यानं हिज्कीया राजाला हेच सांगितलं होतं (२ राजे २०): घरादाराची व्यवस्था लाव, तू आता जगणार नाहीस. राजानं भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना केली आणि त्याला १५ वर्षं वाढवून मिळाली. हा विषय काढल्यानं कुणी लवकर जात नाही.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते बघा. आपल्याला हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्याप्रमाणे नवरा गेला की बायकोला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे. मुलगा-मुलगी भेद नाही, हे चांगलंच. सलाफहादाच्या मुलींना भाऊ नसतानाही वाटा मागायला मोशेपुढे उभं राहावं लागलं होतं (गणना २७). पण भायखळ्याचा फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. म्हणजे आई स्वतःच्याच घरात तिसऱ्या हिश्श्याची मालकीण, बाकीचे दोन हिस्से दादाचे नि माझे. उद्या बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली की करारावर तिघांच्या सह्या लागणार, आणि आमच्यातलं कुणी अडून बसलं तर आईचं अडणार. प्रभूनं वधस्तंभावरूनही आईची सोय लावली (योहान १९). बाबा, फ्लॅट पूर्ण आईच्या नावे लिहा. ती आधी गेली तर आम्हा दोघांना निम्मा-निम्मा, हेही त्यातच लिहा.

सोसायटीत दादा नॉमिनी आहे म्हणून प्रश्न मिटला, असं तुम्ही म्हणता. मिटलेला नाही. नॉमिनी म्हणजे पोटीफराच्या घरातला योसेफ: किल्ल्या हातात, घर दुसऱ्याचं. सोसायटी किंवा बँक त्याच्याकडे ताबा देईल, मालकी वारसांचीच. नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा, म्हणजे हेलपाटे वाचतील. आजोबांची माझगावची खोली मात्र यात घालू नका. ती पागडीची आहे. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्रानं देता येत नाही, तिथे सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी.

आता कृती. साधा कोरा कागद चालतो. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्कही नाही. आधी यादी करा: सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा नंबर, बँकेच्या एफडी, पीपीएफ, पोस्टाची खाती, आईचे दागिने एकेक जिन्नस करून. "सोनं मुलीला" असं मोघम लिहू नका. पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला, असं लिहा. शेवटी एक वाक्य हवंच: "याव्यतिरिक्त जे काही असेल किंवा पुढे मिळेल ते अमुकला." हे राहिलं की यादीत नसलेली एफडी परत त्या एक तृतीयांशच्या हिशोबात जाते.

सगळ्यात जास्त घोटाळा साक्षीदारांत होतो. किमान दोन लागतात. तुम्ही सही करताना त्या दोघांनी पाहायला हवं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायला हवी. शेजाऱ्याकडे कागद पाठवून "इथे सही करा" चालत नाही. दादा, वहिनी, मी, हे, कुणीच साक्षीदार नको: साक्षीदाराला किंवा त्याच्या नवरा-बायकोला दिलेली मिळकत रद्द ठरते. मृत्युपत्र टिकतं, वाटा जातो! वहिनीनं सही केली तर दादाचा हिस्सा गेला. तुमच्यापेक्षा वयानं लहान, मुंबईतच राहणारी माणसं बघा. एक तुमचे डॉक्टर असतील तर उत्तम. त्याच तारखेचं, शुद्धीत असल्याचं सर्टिफिकेटही त्यांच्याकडून घ्या. प्रत्येक पानाखाली सही करा. खाडाखोड झाली तर पान नव्यानं लिहा. नोटरीचा शिक्का साक्षीदारांच्या जागी चालत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करा. बाबांच्या गुडघ्यांना जिना झेपणार नसेल तर कारण देऊन दुय्यम निबंधकांना घरी येण्याचा अर्जही करता येतो.

बाबा, चर्चला काही ठेवायची तुमची इच्छा आहे. पूर्वी याच उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११८ मुळे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी मृत्युपत्रानं देणं अवघड होतं. जॉन वल्लमट्टम खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये ते कलम रद्द केलं. तरी नुसतं "चर्चला" लिहू नका. पावतीवर ज्या ट्रस्टचं नाव असतं ते अक्षरशः लिहा, आणि पैसे कशासाठी तेही. मात्र आईच्या औषधपाण्याला लागणाऱ्या रकमेतून नको. आईबापांचं देणं "कुर्बान" म्हणून देवाला वाहणाऱ्यांना प्रभूनं काय सुनावलं ते मार्क ७ मध्ये आहे.

आमची मुलं भांडणार नाहीत, हे तुमचं नेहमीचं. लूक १२ मधला तो माणूस वाटणीसाठी थेट प्रभूकडे गेला आणि प्रभूनं त्यात पडायला साफ नकार दिला. पाळकसाहेबांवर ती पाळी का आणायची? कुणाला कमी-जास्त द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण कारण एका ओळीत लिहा. याकोबानं मुलांपैकी एकट्या योसेफाला पायघोळ झगा दिला आणि बाकीचे भाऊ त्याचा द्वेष करू लागले.

मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर तो उघडायलाच आधी कागद लागतात. दफनाबद्दलच्या इच्छाही त्यात नकोत, कारण मृत्युपत्र बहुतेक वेळा दफनानंतरच वाचलं जातं. शिवडीच्या कबरीची पावती आणि गायची गीतं वेगळ्या कागदावर, दादाकडे.

शनिवारी दादा येईल, तेव्हा शेअर सर्टिफिकेट आणि दोघांची आधार कार्डं काढून ठेवा. बाबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सॅम्युएल आहे, आधारवर शमुवेल. मृत्युपत्रात "शमुवेल उर्फ सॅम्युएल" अशी दोन्ही नावं घाला.

तुमची,
छोटी