विषय : तुमच्या सिस्टिमप्रमाणे मी सांगलीत चाललेच नाही, त्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

मदत क्रमांकावरचा सहावा फोन आत्ताच संपला. संपला म्हणजे तुमच्या माणसाने मध्येच ठेवला. सातवा करायला वेळ आहे, पण बीपीची गोळी एकच उरली आहे, म्हणून लिहिते.

गेल्या शनिवारी तुमची सांगलीची 'पूर्ण दिवस, पायी' ही ॲपवर ऐकत फिरायची सफर मी आणि माझ्या वन्सं अशा दोघींसाठी 798 रुपये भरून घेतली. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली. गणपती मंदिरापाशी ॲप सुरू केलं. मंदिर पटवर्धनांचं, आयर्विन पूल 1929 चा, इथवर तुमची ती ॲपमधली बाई शहाण्यासारखं बोलली. हरभट रोडला लागलो आणि तिचा आवाज गेला. मारुती चौकात परत आला तो थेट सतारीवर. "तुमच्या समोर तंतुवाद्यांची जुनी दुकानं आहेत. थांबा, तारा जुळवण्याचा आवाज ऐका." आमच्यासमोर मेथीच्या जुड्या होत्या, आणि दोन रिक्षावाले एकमेकांच्या घरच्यांची चौकशी करत होते. तो आवाज ऐकला.

साहेब, सतारी मिरजेत होतात. हे सांगलीतलं शेंबडं पोर सांगेल. वन्सं 71 वर्षांच्या, भाबड्या. "पुढच्या गल्लीत असतील गं" म्हणत तीन गल्ल्या फिरल्या. पुढे चार तास ॲप तेच वाक्य म्हणत राहिलं. कापडपेठेत तेच, सराफ कट्ट्यावर तेच. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते याच गावात. त्याचा एक शब्द नाही.

आम्हाला सांगली दाखवली ती कापडपेठेतल्या एका दुकानदाराने, फुकट. स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि भिंतीवरची निळी रेघ दाखवली. 2019 चा पूर. आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती तेव्हाचा. रेघ वन्संच्या डोक्याच्या हातभर वर. गठ्ठे माळ्यावर टाकले होते, तरी खालचा थर भिजला. "इरकली होत्या हो त्यात," असं म्हणत त्याने रिकाम्या माळ्याकडे पाहिलं. तुमची बाई तेव्हाही माझ्या पिशवीतून तारा जुळवत होती.

आता आजच्या फोनचं.

"मॅडम, तुमची सफर पूर्ण झालेली दाखवतेय."
म्हटलं, कुठे पूर्ण? अर्धी ठिकाणं ऐकूच आली नाहीत.
"मॅडम, सिस्टिममध्ये तुम्ही मारुती चौकातून हललेल्याच नाहीत. चार तास एकाच जागी आहात."
म्हटलं, हललं नाही ते तुमचं ॲप. मी हलले. आणि हलले नाही तर सफर पूर्ण कशी झाली?

यावर त्याने मला होल्डवर टाकलं. होल्डवर सतार वाजत होती. शपथेवर सांगते. अकरा मिनिटांनी तो परत आला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, बऱ्याच सीनियर सिटिझनना चालायला जमत नाही, मग ते रिफंड मागतात. तुमच्यासाठी आमच्याकडे घरी बसून ऐकायचा पॅक आहे. देऊ का?"

मी 31 वर्षं पोस्टात काउंटरला होते. कुणाची मनीऑर्डर अडकली तर मी त्याला "तुम्ही पाठवलीच नाही" असं कधी म्हटलं नाही. आणि चालण्याचं म्हणाल तर रोज संध्याकाळी पोवई नाका ते राजवाडा जाऊन-येऊन करते, तेही चढाने. त्या मुलाला एकदा पाठवा माझ्याबरोबर.

मागणी साधी आहे. 798 रुपये खात्यात परत. 'चाललेच नाही' या शब्दांबद्दल लेखी माफी, वन्संच्याही नावाने. आणि मारुती चौकातून ती सतार काढा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे तुम्हालाच साताऱ्याला यावं लागेल. एवढ्या रकमेला तिथे शुल्कही पडत नाही. पोस्टातली बाई आहे, नियम वाचते. दिवाळीत तुमचीच पुण्याची सफर केली होती, ती छान होती. त्या भरवशावर वन्संना घराबाहेर काढलं, हे जास्त लागलंय.

आपली,
सातारची एक ग्राहक

ता. क. रिफंडऐवजी पॉइंट देऊ नयेत. तिसऱ्या फोनवरच्या मुलीने ते सुचवलं होतं, आणि ते फक्त तुमच्या साताऱ्याच्या सफरीला चालतात म्हणे. सातारा मला पाठ आहे. पोवई नाक्यावर तुम्ही काय वाजवता ते ऐकायची इच्छा नाही.