खरे सांगितले की मुलगी संघाबाहेर

महोदय,

मैदानावर एखादा शाळकरी मुलगा कोसळल्याची बातमी आली की ‘शाळांनी मुलांची हृदयतपासणी करावी’ अशी मागणी चार दिवस होते आणि विरते. ज्या घरांत हा धोका आधीच माहीत आहे, ती घरे शाळेला तो कळवतात का, हे मात्र कोणी विचारत नाही. बहुतेक कळवत नसावीत, आणि त्याला कारण आहे.

माझ्या यजमानांना हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी आहे. यात हृदयाचा स्नायू जाड होतो आणि काहींचा धावताना-खेळताना अचानक मृत्यूही होऊ शकतो. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो, म्हणजे ठाण्यासारख्या शहरात अशी घरे थोडीथोडकी नाहीत. आई किंवा वडिलांत जनुकदोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी. सासऱ्यांचे थोरले भाऊ तिशीत, लोकल पकडायला धावताना गेले. जेवणावर लगेच धावले म्हणून असे झाले, एवढेच घरात आजवर सांगत आले.

यजमानांच्या जनुकचाचणीत नेमका दोष सापडला नाही. बऱ्याच रुग्णांत तो सापडत नाही. त्यामुळे मुलांचे रक्त तपासून प्रश्न मिटत नाही. दोन्ही मुलांचे ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आज नॉर्मल आहेत, पण वयात येताना चित्र बदलू शकते, म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करायचे. या मुलांना आजारी म्हणता येत नाही आणि निर्धास्तही राहता येत नाही.

हे सगळे मी मुलीच्या शाळेला लेखी कळवले, डॉक्टरांचे पत्र जोडून. पत्रात खेळायला मनाई नव्हती. तरी तिला कबड्डीच्या संघातून काढून गुणफलकापाशी बसवले. ‘उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ बाईंची भीती मला कळते. काही विपरीत घडले की पालक शाळेवर कसे तुटून पडतात, ते त्यांनी पाहिले असणार. पण अमेरिकी हृदयरोग संघटनांची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वेसुद्धा, जनुकदोष सिद्ध झालेल्या पण हृदय नॉर्मल असलेल्या मुलांना स्पर्धात्मक खेळ खेळू द्यायला हरकत घेत नाहीत. आमच्या मुलीचा तर दोषही सिद्ध झालेला नाही.

हे पाहून माझ्या जाऊबाईंनी पुतण्याच्या शाळेच्या फॉर्मवर ‘कोणताही आजार नाही’ लिहिले. खोटे म्हणता येणार नाही, कारण फॉर्म मुलाचा आजार विचारतो. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का, हे विचारतच नाही. दीरांनी स्वतःचा इकोही केलेला नाही. आधी मुलीचे लग्न उरकू, म्हणतात. शिवाय विम्याची धास्ती. ‘आनुवंशिक आजार’ म्हणून सरसकट विमा नाकारणे हा भेदभाव आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच आजाराच्या एका रुग्णाच्या खटल्यात म्हटले होते. पण निकाल वाचून माणसे धीट होत नाहीत.

मुलीला बाहेर बसवून शाळा सुरक्षित झाली असे नाही. ज्यांच्याविषयी काहीच माहीत नाही अशी मुले त्याच मैदानावर धावताहेत. खेळताना मूल अचानक बेशुद्ध पडले तर ‘उन्हाने चक्कर आली’ म्हणून सोडून देऊ नये, हे क्रीडाशिक्षकांना ठाऊक हवे. छाती दाबण्याचे (सीपीआर) प्रशिक्षण हवे. २०२१ मध्ये कोपनहेगनच्या मैदानावर कोसळलेला फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन वाचला तो जागीच मिळालेल्या सीपीआर आणि डिफिब्रिलेटरमुळे, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करणाऱ्या यंत्रामुळे. ठाणे महापालिकेने निदान वर्षा मॅरेथॉनच्या मार्गावर आणि शालेय स्पर्धांच्या मैदानांवर हे यंत्र कुठे आहे, याचे ठळक फलक लावावेत.

शाळांकडे मागणे इतकेच, की फॉर्ममध्ये कुटुंबाचा इतिहास विचारावा आणि डॉक्टरांचे पत्र वाचून त्याप्रमाणे वागावे. पत्रात ‘खेळू नये’ असेल त्या वर्षी आम्ही स्वतःच मुलीला मैदानावर पाठवणार नाही.

— एक पालक, कोपरी, ठाणे (पूर्व)
(मुलीचा विचार करून नाव छापू नये, ही विनंती.)