मला अडवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर माझ्या उजव्या गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली आणि या सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही मला शाळेच्या मैदानावर मुलींबरोबर खो-खो खेळण्याची परवानगी दिलीत. मधले साडेअकरा महिने, आधी आठवड्यातून तीनदा, मग एकदा आणि शेवटी पंधरवड्यातून एकदा, मी एसटीने साताऱ्याला येऊन तुमच्या दवाखान्याच्या चौदा पायऱ्या चढत राहिले. गुडघ्याच्या रुग्णांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर का, ही माझी एकमेव तक्रार तुम्हाला ठाऊक आहेच. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम मात्र त्याच जिन्यावर माझ्या अंगवळणी पडला.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे आभार मी पेढे देऊन मानले. टाके निघाले त्या दिवशी त्यांचे काम बहुतांशी संपले होते आणि तुमचे नुकते सुरू होत होते. तुमच्या कामाचा मोठा भाग मला अडवण्याचा होता, आणि आज मी विशेष आभार मानते आहे ते त्या अडवण्याबद्दल, कारण त्या वेळी त्याच कारणासाठी मी तुमच्यावर मनातून चिडलेली असे.

दुखापतीची हकिगत तुम्ही पहिल्या दिवशी ऐकलीत, पण तिच्यातील माझी चूक मी तेव्हा अर्धीच सांगितली होती. तालुका स्पर्धेच्या सरावात खांबाला वळसा घालताना हुलकावणी कशी द्यायची हे मुलींना दाखवत असताना माझे पाऊल ओल्या मातीत रुतले, अंग वळले आणि गुडघा आतल्या बाजूला झुकला. कुणाचा धक्का लागला नव्हता. फक्त टक् असा आवाज झाला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. त्यानंतर तीन आठवडे मी गावातल्या एका हाडवैद्याकडून कोमट तेलाने मालीश करून घेत होते, हे मी तुमच्यापासून लपवले होते. चालताना गुडघा मध्येच निसटल्यासारखा होऊ लागला तेव्हा कुठे एमआरआय झाला. अडतिसाव्या वर्षी, आणि तेही खेळाच्या शिक्षिकेने, असे वागावे याची मला आजही लाज वाटते.

शस्त्रक्रियेनंतर घरच्यांनी प्रेमाने गुडघ्याखाली उशी दिली होती आणि तशी झोप फार सुखाची लागे. पहिल्याच भेटीत तुम्ही ती उशी बंद केलीत आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायला लावलीत. गुडघा किंचित वाकलेल्या अवस्थेत आखडला तर पुढे वर्षभर लंगडत चालावे लागेल, वाकण्याची घाई नाही पण सरळ होण्याची आहे, असे तुम्ही बजावलेत. मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबा, म्हणालात. मी दात-ओठ खाऊन प्रयत्न केला आणि मांडीचा स्नायू हललाच नाही. स्वतःच्या अवयवाने आपला हुकूम मोडावा याची मला इतकी भीती वाटली की मी तिथेच रडले. सांध्याला सूज असली की शरीरच त्या स्नायूला आवर घालते, तो मेलेला नाही, असे सांगून तुम्ही माझा हात माझ्याच मांडीवर ठेवलात आणि चौथ्या दिवशी त्या हाताखाली अगदी बारीक थरथर जाणवली. महिनाभराने तुम्ही वाटीच्या 15 सेंटिमीटर वर टेप लावून मोजलेत तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने बारीक भरली. ते आकडे तुम्ही माझ्याच वहीत मला लिहायला लावलेत.

डिसेंबरच्या अखेरीस आमच्या शाळेच्या क्रीडा महोत्सवात शिक्षकांची शर्यत होती. दहा आठवडे झाले होते, वेदना नव्हती, मांडी भरू लागली होती. तुम्ही नाही म्हणालात म्हणून शर्यतीत उतरले नाही, पण आदल्या संध्याकाळी मैदान रिकामे पाहून मी वीस-पंचवीस पावले पळून पाहिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटीच्या कडेने बोट फिरवलेत, आतले पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकताना पाहिलेत आणि शांतपणे विचारलेत, "काल काय केलंत?" मग रागावण्याऐवजी तुम्ही मला समजावलेत की मांडीच्या मागच्या बाजूचा जो कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, काढून अस्थिबंधाच्या जागी गुडघ्यात बसवला आहे, त्याला तिथे नव्याने रक्तपुरवठा मिळेपर्यंत तो आधी कमकुवत होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, नेमके दुखणे थांबलेले असताना, त्याला सर्वांत जास्त जपावे लागते. मी जावळीकडची, भाताच्या खाचरात वाढलेली. लावलेले रोप आधी पिवळे पडते आणि मूळ धरल्यावरच हिरवे होते, तोवर त्याला कुणी हात लावत नाही, हे मला कुणी शिकवावे लागत नाही. त्या दिवसापासून मी तुमच्याशी वाद घालणे सोडले. जानेवारीत हळदीकुंकवाला सगळ्या जणी मांडी घालून बसल्या असताना मी खुर्चीवर बसले आणि कुणी काय म्हटले तरी उठले नाही.

जुलैमध्ये नऊ महिने पूर्ण झाले. वळणे आणि उड्या असलेल्या खेळात परतण्याआधी नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने थांबावे तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका महिन्यागणिक जवळजवळ निम्म्याने घटतो, असे 2016 मध्ये नॉर्वेतील अभ्यासात आढळल्याचे तुम्ही सांगितले होते, म्हणून मी ती तारीख भिंतीवर लिहून ठेवली होती. पण तुम्ही फरशीवर खडूने रेघ मारून एका पायावर लांब उडी मारायला लावलीत: डावा पाय 110 सेंटिमीटर, उजवा 92. उजव्याची उडी डाव्याच्या किमान 90 टक्के हवी, तुमची 84 आहे, तारीख झाली म्हणून गुडघा झाला असे नाही, असे तुम्ही म्हणालात. एसटीत परतताना मी खिडकीकडे तोंड करून बसले. घरी मात्र दप्तरात वाळू भरून पायरीवर चढ-उतार, एका पायावरची बैठक, आरशासमोर गुडघा आत झुकतो का ते पाहत उड्या, हे सारे पुन्हा सुरू केले. सप्टेंबरमध्ये डावा 112 आणि उजवा 104 भरला.

एवढे होऊनही खांबाशी वळताना पाऊल टाकवत नव्हते, आणि हे मोजपट्टीत दिसत नव्हते. तुम्ही दवाखान्यातली प्लास्टिकची खुर्ची मधोमध ठेवलीत, तिला खांब म्हणालात आणि बाकीचे रुग्ण पाहत असताना मला तिच्याभोवती आधी चालत, मग पळत वळायला लावलेत. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असून तुम्ही स्वतः समोर पळणारी झालात आणि मुद्दाम हळू पळालात, हेही मला कळले होते.

आता मी शनिवारच्या सरावात चौकोनात बसते आणि खो मिळाला की उठते. खांबावर सूर मारत नाही, ते काम मुलींचे. गेल्या महिन्यात नववीतील एका मुलीचा गुडघा मुरगळला तेव्हा तिची आई तेलाची बाटली घेऊन मैदानावर आली होती. मी ती बाटली माझ्याकडे ठेवून घेतली, गुडघ्यावर बर्फ लावला आणि तिला तुमच्याकडे पाठवले. आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला आहे, शस्त्रक्रिया लागणार नाही, असे तुमच्याकडून कळल्यावर तिची आई माझ्याशी पुन्हा बोलू लागली. ती मुलगी रोज विचारते, "बाई, आता पळू का?" गुरुवारी तिला घेऊन येते आहे. तुमचा खडू संपत आला होता, म्हणून शाळेतली नवी पेटीही सोबत आणते.

तुमची कृतज्ञ,
सातारा जिल्ह्यातील एक खेळ-शिक्षिका