बुधवारवाड्याचं काय झालं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बुधवारवाडा नकाशात सापडत नाही म्हणतेस, सापडणारच नाही. पुण्यात बुधवार चौकात होता तो, 1879 साली जळून खाक झाला. 'इंग्रजांनी जाळला' म्हणणाऱ्या तुझ्या मित्राला सांग, तसं काही नाही. कुठलाही वाडा गेला की इंग्रजांवर ढकलून मोकळं व्हायची आपल्याला सवयच आहे!

दुसऱ्या बाजीरावाने तो 1813 मध्ये बांधला. शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झालेला, त्यामुळे तिथे त्याचं मन काही रमेना. म्हणून पेठांमधून नवे वाडे उठवले. पण उपभोग मिळाला जेमतेम चार वर्षं. नोव्हेंबर 1817 मध्ये पुणं सुटलं, ते कायमचंच.

मागे वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या. माझ्या लेखी मात्र वाड्याचं मोठेपण त्या लायब्ररीत. लोकहितवादींच्या पुढाकाराने 1848 मध्ये पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, ती याच वाड्यात. आजचं पुणे नगर वाचन मंदिर, ते हेच. पेशव्याच्या दिवाणखान्यांपेक्षा मला त्या जळालेल्या पुस्तकांची हळहळ जास्त वाटते.

13 मे 1879 च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही एकाच वेळी पेटले. मे महिना, वाळलेलं सागवान. बुधवारवाडा हातचा गेला, विश्रामबाग निभावला. दोनच दिवसांपूर्वी वासुदेव बळवंत फडक्यांच्या माणसांनी पनवेलजवळच्या पळस्प्याला दरोडा घातलेला, तेव्हा सरकारने तोच धागा पकडला. महादेव गोविंद रानड्यांवरही वक्रदृष्टी झाली. बदली थेट धुळ्याला, आणि टपालावर पाळत. शेवटी आग लावणारा निघाला सरकारी पुस्तक डेपोतला माणूस. आणि आडनाव काय, तर रानडेच! गोंधळाला आणखी काय हवं?

तुझ्या प्रकल्पासाठी बुधवारवाड्याचा दर्शनी भाग मनानेच रचू नकोस. त्याच बाजीरावाचा विश्रामबागवाडा उभा आहे. बाजीराव रस्त्यावरून वर बघ: सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब, त्यांच्या डोक्यावर केळफुलाची नक्षी, पुढे आलेला सज्जा. त्यावरून घडणीचा अंदाज येईल, पण चित्राखाली 'अंदाजाने' असं स्पष्ट लिही.

दिवाळीत येशील तेव्हा दोघं जाऊ. मापं घ्यायची असतील तर परवानगीचा अर्ज आत्ताच टाकून ठेव, ऐनवेळी कुणी दाद देत नाही.

तुझा,
बाबा