वंशावळीतली गाळलेली पाने

महोदय,

वंशावळ शोधणाऱ्यांचा उत्साह बहुधा एखाद्या शूर किंवा दानशूर पूर्वजापाशीच थांबतो. दहा पिढ्या मागे गेलो, तर त्या एका पिढीतच १०२४ पूर्वजांच्या जागा येतात. सगळेच सज्जन कसे असतील? १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटनने दोन कोटी पौंड भरपाई दिली, तीही मालकांना! गुलामांना छदामही नाही. त्या नोंदी आता लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सर्वांना खुल्या केल्या आहेत. त्यांत आपलेच पूर्वज सापडल्यावर ब्रिटनमधल्या ट्रेव्हेलियन कुटुंबीयांनी २०२३ मध्ये, पूर्वजांचे गुलाम जिथे राबले त्या कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावर जाऊन जाहीर माफी मागितली. पणजोबांच्या गुन्ह्याची शिक्षा पणतवाला नको, हे मान्य. पण कुलवृत्तांत छापणाऱ्यांनी मालमत्ता कुठून आली, त्याची कागदपत्रे निदान परिशिष्टात तरी द्यावीत.

– एक वाचक