बेगोनियाचा कंद घंटागाडीत टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बाल्कनीतल्या फुलझाडांचं जे पान आलंय त्यात बोलिव्हियन बेगोनियाचा फोटो मस्तच आहे, फोटोबद्दल काही म्हणणं नाही, पण त्याच्याखाली जी ओळ छापलीये ना, युरोपातलं हंगामी फूल, बहर संपला की रोप बदलावं, ती वाचली आणि चहा तसाच ठेवून पत्र लिहायला बसले. एका ओळीत दोन चुका आहेत. पहिली एकवेळ सोडून देता येईल, पण दुसऱ्या चुकीपायी मी स्वतः एक चांगलं जिवंत झाड घंटागाडीत टाकून मोकळी झालेय.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत एका नर्सरीतून (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत, माहिती मात्र चुकीची देतात) ही लोंबती कुंडी आणली, साडेतीनशे रुपये. शेंदरी लाल फुलं, लांबट, खाली तोंड करून लटकलेली, पानं टोकदार आणि कडेला करवतीसारखे दाते. जेलरोडवरून जाणारा माणूस मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघायचा, खोटं नाही सांगत. मग दिवाळी झाली, थंडी पडली, आणि नोव्हेंबरच्या शेवटी पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, जास्त घातलं. मग वाटलं थंडी बाधली असेल, तेव्हा निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या रोज तुमच्याच पेपरात येत होत्या. एक दिवस सकाळी बघते तर फांद्या बुडापासून सुटून गॅलरीत पडलेल्या, सांध्यातून निखळल्यासारख्या. नर्सरीत फोन केला तर तिकडून उत्तर, "मॅडम सीझनल असतं ते, फेकून द्या, पुढच्या सीझनला नवीन घेऊन जा." दिलं फेकून.

पुढच्या वर्षी परत तीन आणली, सवय जात नाही. परत नोव्हेंबर, परत तेच. पण या वेळी मला कुंड्या मेथीसाठी हव्या होत्या म्हणून माती पेपरवर उपडी केली आणि त्या मातीतून एक चपटी तपकिरी गाठ बाहेर पडली, छोट्या सुरणासारखी, अंगावर बारीक मुळं. दाबून बघितली तर कडक, अगदी ताजी. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, ८४ वर्षांच्या आहेत, माहेर त्र्यंबककडचं. म्हणाल्या, "अगं हा कंद आहे, हे मेलेलं नाही, निजलंय." मला मागच्या वर्षीची घंटागाडी आठवली, दुसरं काय.

आता तुमची पहिली चूक. हे झाड युरोपातलं नाही. मूळ बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेला उत्तर अर्जेंटिना, म्हणजे अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या उतारावरची ढगाळ ओली जंगलं. तिथे ते कड्याकपारीत, खडकाच्या खाचेत धरून राहतं आणि फांद्या खाली सोडतं, म्हणून तर आपल्याकडे लटकत्या कुंडीत इतकं शोभतं, नाहीतर त्याला कुंडीची काय गरज. फुलं नळीसारखी आणि लाल कारण तिकडे त्यातला मध प्यायला येणारे हमिंगबर्ड पक्षी आहेत. आपल्याकडे ते नाहीतच, तो पक्षी फक्त अमेरिका खंडातला. माझ्या गॅलरीत जांभळा शिंजीर येऊन दोनदा चोच घालून गेला, त्याला काही मिळालं की नाही तोच जाणे.

शास्त्रीय नाव बेगोनिया बोलिव्हिएन्सिस, ते १८५९ साली आल्फोन्स द कँडोल यांनी दिलं. झाड प्रत्यक्ष इंग्लंडात नेलं रिचर्ड पिअर्स नावाच्या माणसानं १८६० च्या दशकात. लंडनच्या चेल्सीत व्हीच नावाची मोठी नर्सरी होती, ती अशी माणसं पगार देऊन जंगलात पाठवायची, नवीन झाडं आणा म्हणून. हाच पिअर्स पेरूतून आणखी एक बेगोनिया घेऊन आला, कुस्को गावाजवळचा, साधारण १२,००० फुटांवरचा. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवा आणि वर अजून थोडं चढा, तिथलं फूल. पिवळ्या फुलाची एक जात तर त्याच्याच नावानं ओळखतात, बेगोनिया पिअर्सी. तो बिचारा १८६८ साली पनामात वारला. आणि त्याच नर्सरीतल्या जॉन सीडननं या बोलिव्हियावाल्याचा दुसऱ्या एका अँडीजवाल्याशी संकर करून १८७० साली पहिला कंदवाला संकरित बेगोनिया बाजारात आणला. आज गुलाबाएवढी गच्च फुलं येणारे जे कंदवाले बेगोनिया मिळतात ते अँडीजच्या पाचसात रानटी जातींची नातवंडं पतवंडं आहेत. युरोपानं त्यांना नटवलं, जन्म नाही दिला. बेल्जियममध्ये तर याची शेती होते आणि ब्रुसेल्सच्या चौकात १९७१ पासून बेगोनियाच्या फुलांचा गालिचा घालतात, आपल्या गोदाघाटावर पाडव्याला महारांगोळी काढतात तशी, फक्त रंगाऐवजी फुलं. उत्तर कोरियात किम जोंग इलच्या नावाचं लाल फूल आहे ना, तेसुद्धा कंदवाला बेगोनियाच, १९८८ साली एका जपानी माणसानं तयार केलेला. कुठून कुठे गेलं बघा ते खडकावरचं झाड.

एक गंमत सांगायची राहिली. बेगोनिया हा काकडी भोपळ्याचा लांबचा नातेवाईक आहे. वनस्पतीशास्त्रवाले त्यांना एकाच गणात धरतात. मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं पण मग गॅलरीत जाऊन बघितलं तर खरंच, दुधीला कशी नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात तशीच इथेही, एकाच झाडावर दोन्ही. मादी फुलाच्या मागे तीन पंखांची हिरवी पेटी असते, नर फुलामागे नसते. नर फुलं झडून पडतात तेव्हा लोक घाबरतात की झाडाला काहीतरी झालं, काही होत नाही, दुधीची नर फुलं पडतात तेव्हा आपण घाबरतो का?

आता तुमची दुसरी चूक आणि माझा मुख्य मुद्दा, झोपेचा. अँडीजच्या त्या उतारावर पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, आपल्या उलट, कारण पृथ्वीचा तो खालचा अर्धा. मग तिकडे कोरडा थंड हिवाळा येतो, दिवस लहान होतात, आणि दिवस लहान व्हायला लागले की झाड सगळा माल खाली कंदात भरून ठेवतं आणि वरचं अंग सोडून देतं. आपल्याकडे दिवस लहान होतात ते दिवाळीच्या पुढे, म्हणून आपल्याकडे ते दिवाळीनंतर झोपतं. थंडी बाधली, पाणी कमी पडलं असलं काही नाही, त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ झाली. आणि अशा वेळी आपण दयेपोटी पाणी घालत बसलो तर मात्र कंद सडतो. नाशिककरांना हे समजावून सांगावं लागतंय याचंच मला नवल वाटतं. द्राक्षाची काढणी झाल्यावर वेलीला विश्रांती देतात, मग एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग ऑक्टोबरची छाटणी, छाटलेल्या बागेत नुसती खुंटं दिसतात म्हणून कुणी बाग उपटून टाकतं का? मग साडेतीनशेच्या कुंडीनं काय पाप केलंय.

आणि इतकं लांब बोलिव्हियाला तरी कशाला जायचं. पावसाळ्यात अंजनेरी चढताना वाटेतल्या ओल्या कातळाला चिकटलेली इवलीशी गुलाबी पांढरी फुलं असतात, पान एका बाजूला जास्त एका बाजूला कमी असं तिरकं. तो आपला सह्याद्रीतला बेगोनिया, बेगोनिया क्रेनाटा. तोसुद्धा कंदवाला. जूनला उगवतो, पावसाळाभर फुलतो, पाऊस सरला की गायब, उन्हाळ्यात त्याच कातळावर हात ठेवला तर चटका बसतो आणि आत खाचेत हा शांत पडलेला. सासूबाई लहानपणी गुरांमागे जायच्या तेव्हा याचं पान चघळायच्या म्हणे, आंबट लागतं. बेगोनियाच्या पानात ऑक्झॅलिक ॲसिड असतं त्यामुळे आंबट, कुणी चटणी बिटणी करायला जाऊ नका. माझं म्हणणं एवढंच की हे पावसाबरोबर उगवणं आणि पावसाबरोबर जाणं आपल्याला नवीन नाहीये, रानहळद तसंच करते, कुंडीतलं मे फ्लॉवर तसंच करतं, त्यांना कुणी हंगामी म्हणून फेकत नाही. नर्सरीतून आलं, इंग्रजी नाव असलं, की आपली अक्कल कुठे जाते काय माहीत.

बरं त्या माझ्या तीन कंदांचं काय झालं ते सांगते. फांद्या आपोआप सुटेपर्यंत थांबले, ओढून तोडल्या नाहीत. माती झटकली, चार दिवस सावलीत वाळवले, मग कोरड्या कोकोपीटमध्ये घालून कागदी पिशवीत, प्लॅस्टिकच्या नाही, घाम सुटतो. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, स्लॅब एप्रिल मेमध्ये तव्यासारखा तापतो म्हणून माळ्यावर न ठेवता ओट्याखाली सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवले. एक सडला. त्याला मधेच पाण्याचा हबका मारला होता मी, वाटलं तहान लागली असेल, स्वभाव. उरलेल्या दोघांना मेच्या शेवटी गुलाबी डोळे फुटले, बटाट्याला फुटतात तसे. मृगाच्या सुमारास लावले, खोलगट बाजू वर ठेवून, कारण कोंब तिकडून येतो, आणि त्या खोलगट भागात पाणी साचू द्यायचं नाही. सुरुवातीला पाणी अगदी बेतानं. सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नाशिकचं ऊन नको. श्रावणात पहिली फुलं आली आणि मागच्या वर्षीपेक्षा फांद्या जास्त. नवीन कुंडी घेतली नाही या वर्षी, तेवढेच पैसे वाचले.

इथे एक सांगून ठेवते नाहीतर लोक माझ्या नावानं ओरडतील. सगळ्या बेगोनियांना कंद नसतो. जगात त्यांच्या २,००० च्या वर जाती आहेत. बागेच्या कडेला लावतात तो चकचकीत पानांचा बारक्या फुलांचा, किंवा नुसत्या रंगीत पानांसाठी ठेवतात तो रेक्स, यांना असा गोल कंद नसतो, त्यांचं पाणी तोडलंत तर ते खरंच मरतील. दिवाळीच्या आसपास गच्च गुलाबासारखी फुलं असलेले जे छोट्या कुंडीत मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांनाही धड कंद धरत नाही. म्हणून घेतानाच विचारायचं, कंदवाला आहे का. नर्सरीवाल्यानं तोंडाकडे बघितलं तर बोटानं माती थोडी बाजूला करून स्वतः बघायचं, मी करते, तो चिडतो, चिडू दे.

नर्सरीवाल्यांना माझं एकच सांगणं, कुंडीला किमतीची जी पट्टी लावता त्याच पट्टीवर आत कंद आहे, फेकू नका एवढं लिहा. धंद्याला काही मार बसत नाही, ज्याला झाड जगवता येतं तो दुसरं झाड घ्यायला परत येतो, ज्याचं मरतं तो प्लॅस्टिकची फुलं लावतो, आमच्या विंगेतच दोघांनी लावलीत. महापालिकेचा पुष्पोत्सव होतो तेव्हा कुंड्यांसमोर झाडाचं नाव असतं, त्याच्याखाली मूळ गाव आणि झोपायचा महिना लिहिला तर काय बिघडेल? या शहराला एके काळी गुलशनाबाद म्हणायचे, तेवढं तरी.

आणि अजून एक. हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर एकाचा लगेच मेसेज, मग अंजनेरीवरून फुकटच आणू की, रविवारी चाललोच आहोत. त्यांना मी जे बोलले ते इथे छापता येणार नाही. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि ते नसतं तरी कातळाच्या बोटभर मातीत बसलेला कंद खुरप्यानं उकरून आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर नेला तर जगणार आहे का तो. त्याच डोंगरावरचं एक कंदीलपुष्प जगाला नव्यानं कळलं ते २००६ साली, अंजनेरीचंच नाव आहे त्याला, तेही असंच कंदातून येतं. उकरणाऱ्याला कोणता कंद कुणाचा ते कळणार आहे का? वर पान नसताना मला नाही कळायचं आणि मी सहा वर्षं चढतेय. विकत मिळणारा बोलिव्हियावाला जगवा की आधी.

आत्ता डिसेंबर आहे, माझे दोन्ही कंद परत ओट्याखाली गेलेत. या वर्षी पिशवीवर मार्करनं मोठ्या अक्षरात बेगोनिया असं लिहून ठेवलंय कारण मागच्या महिन्यात आमच्या ह्यांनी त्यातला एक अळकुडी समजून सोलायला घेतला होता. वरची साल थोडी गेलीये, बघू जूनमध्ये काय होतंय ते.

आपली,
एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड