एमआरआय नॉर्मल आला तरी थायमिन थांबवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे डोक्यात काही नाही’ असं म्हणून आपल्या इंदुरात रुग्णाला घरी नेतात. थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, संपल्यामुळे होणाऱ्या मेंदूच्या वर्निके विकारात हे भलतंच महागात पडतं. यात एमआरआयवर खूण दिसते ती जेमतेम निम्म्या रुग्णांत. सीटीत तर बहुधा काहीच सापडत नाही.

आजार दारू पिणाऱ्यांचा, असाही समज आहे. जर्मन डॉक्टर कार्ल वर्निके यांनी १८८१ मध्ये नोंदवलेल्या तीन रुग्णांत गंधकाम्ल प्यायल्यानंतर उलट्या न थांबलेली एक शिवणकाम करणारी तरुणी होती. आपल्याकडे दिवस गेलेल्या मुलीच्या उलट्या ‘डोहाळेच ते’ म्हणून तीन-तीन आठवडे चालू देतात. अंगातला थायमिनचा साठा ३० ते ५० मिलिग्रॅम, तो तेवढ्यात आटतो. त्यात अशक्तपणा म्हणून नुसती ग्लुकोजची बाटली चढवली, की उरलंसुरलं थायमिनही ती साखर जाळण्यात खर्ची पडतं. बुबुळं थरथरणं, एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं ही सगळी लक्षणं एकत्र क्वचितच येतात.

स्कॅनच्या फॉर्मवर नुसतं ‘चक्कर’ लिहू नये; उलट्या किती दिवस, पोटात काय टिकतं, तेही लिहावं. फ्लेअरच्या (एमआरआयचाच एक प्रकार) चित्रात मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या दोन्ही कडांना, थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागाच्या आतल्या बाजूला, जोडीने पांढरं दिसतं. मॅमिलरी बॉडीज, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले स्मरणशक्तीशी निगडित दोन उंचवटे, वाटाण्याहून लहान. जाड कापांत त्या निसटतात, म्हणून मधोमध पातळ उभे काप घ्यावे लागतात. गरोदरपणी कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं स्कॅनचं औषध) टाळतात.

उपचार मात्र स्कॅनच्या रांगेत अडकू नयेत. रुग्णालयात साधारणपणे ५०० मिलिग्रॅम थायमिन १०० मिलि नॉर्मल सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस देतात. मग रोज २५० मिलिग्रॅम. तीनदा अशासाठी की शिरेतून दिलेलं थायमिन लघवीवाटे भराभर निघून जातं. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरून काढावं लागतं, नाहीतर थायमिन लागू पडत नाही. बी कॉम्प्लेक्सच्या गोळीवर भागवणं म्हणजे वेळ घालवणं.

डोळे काही तासांत, फार तर दिवसांत सुधारतात, चाल आठवड्यांनी. पांढरे डागही काही आठवड्यांत पुसट होतात, आणि दुसरा स्कॅन पाहून घरचे पेढे आणतात. पण औषधाला उशीर झाला असेल तर त्याच चित्रात मॅमिलरी बॉडीज आक्रसलेल्या असतात, आणि सकाळी पोहे खाल्ले की नाही हे रुग्णाला दुपारी सांगता येत नाही.

एक रेडिओलॉजिस्ट,
राजेंद्रनगर, इंदूर